नोव्हेंबरात उसन्या दिलेल्या बंदुका

कॉफीच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या घालून फेल्टनर सर वर्गात फिरले, तेव्हा मार्ली प्रुइटने डोळे मिटूनच हात घातला. श्रद्धा वगैरे काही नाही, पोरगी झोपेला आली होती. पहाटे उठून वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालायच्या, चादरी बदलायच्या, कुणाची कवळी सापडत नाही ती शोधून द्यायची, आणि दुपारी तशाच ओल्या बुटांनी डोंगर उतरून कॉलेजात येऊन बसायचं. वय एकोणीस, पण खुर्चीत टेकताना अगदी साठीच्या बाईसारखी ‘आई गं’ करायची.

वर्ग भाषणकलेचा. विषय तीनच, आणि तिन्ही सरांनीच काढलेले. शाळेच्या मुलांना म्युझियमची सहल सक्तीची असावी का, बंदूक बाळगायचा हक्क, आणि स्पोर्ट्स कार ही चैन की कला. ज्याला जी चिठ्ठी येईल त्यावर त्याने महिन्याभराने उभं राहून बोलायचं.

“सर, हे चालायचं नाही,” कोल्बी नावाचा मागच्या बाकावरचा दांडगा पोरगा ओरडला. “मला मोटार आलीय. मला बंदूक पाहिजे.”

“गेल्या सत्रात बंदुकीवर कोण बोललं होतं, कोल्बी?”

“मीच बोललो होतो सर. म्हणून तर म्हणतोय, पाठ आहे.”

वर्ग हसला. मार्लीने आपली चिठ्ठी उघडली. म्युझियम. कोल्बीने मान लांबवून वाचली आणि म्हणाला, “मजा आहे तुझी. तिथं काळं कुत्रं जात नाही. तुला खोडून कोण काढणार?”

तिला म्युझियमवर बोलायचं म्हणजे काय बोलायचं? आमच्या काउंटीत, म्हणजे अख्ख्या जिल्ह्यात, म्युझियम एकच, जुन्या रेल्वे स्टेशनात. पहिलीपासून दर एप्रिलात तिला तिथे नेलेलं. त्याच खाणकामगारांच्या टोप्या, तेच दोन डोक्यांचं पेंढा भरलेलं वासरू, बाहेर पायऱ्यांवर बसून खाल्लेलं तेच शेंगदाण्याच्या लोण्याचं सँडविच. बंदुकीवर मात्र तिला बोलता आलं असतं. पण कोल्बी बोलतो तसं नाही.

आता, मार्ली काही बंदुकीची वैरीण नव्हती, हे सांगून ठेवलेलं बरं. केंटकीच्या ह्या डोंगरात तसं कुणी नसतं. सायकल यायच्या आधी तिला खारीवर नेम धरता येत होता. बाराव्या वर्षी तिने पहिलं हरीण पाडलं, तेव्हा तिच्या बापाने तिचा फोटो काढून अख्ख्या चर्चला दाखवला होता. हक्क आहे तर आहे, तिचं काही म्हणणं नव्हतं. पण वर्गातली पोरं हक्काचं बोलायला लागली की नेहमी कुणीतरी बाहेरून येणारा असायचा. चोर यायचा, सरकार यायचं, शहरातला कुणी लफंगा यायचा. घरातच खुर्चीत बसलेल्या माणसाचं काय करायचं, ते कुणी बोलत नव्हतं. ते ऐकता ऐकता मार्लीला कंटाळा यायचा, आणि कंटाळ्याच्या खाली भीती असायची.

तो घरात बसलेला माणूस म्हणजे तिचा बाप, वेंडल प्रुइट. आयुष्यभर कोळशाच्या खाणीत छताला आधाराचे खिळे ठोकले. खाण बंद पडली तोवर पाठ कामातून गेली होती. पाठीचं त्याने हसत सोसलं, कारण घरात ट्वायला होती, मार्लीची आई. दोन हिवाळ्यांमागे कॅन्सरने ट्वायला गेली आणि ह्या माणसाचं बोलणंच आटलं. टीव्हीपुढे बसायचा, पण आवाज बंद. मार्लीने पुढ्यात ठेवलं तर खायचा, नाही ठेवलं तर नाही. “डॅडी, कसा आहेस?” म्हटलं की उत्तर एकच, “आहे.”

ऑगस्टातली गोष्ट. मार्ली कामावरून लवकर घरी आली, तर बाप स्वयंपाकघरात टेबलाशी बसलेला आणि हरणाची रायफल मांडीवर आडवी. तिला बघून म्हणाला, “साफ करतोय.” ती ‘बरं’ म्हणाली आणि पाणी प्यायला सिंककडे गेली. तेवढ्यात तिने बघून घेतलं. तेलाच्या बाटलीचं झाकण उघडलेलं नव्हतं. शेजारची चिंधी कोरडी होती, घडी सुद्धा मोडलेली नव्हती. तिच्या हातातला पेला सिंकमध्ये निसटला. बाप उठला, रायफल नेऊन कपाटात ठेवली आणि परत टीव्हीपुढे जाऊन बसला. त्यावर दोघं एक अक्षर बोलले नाहीत.

तेव्हापासून ती कुठेही असली तरी अर्धी घरी असायची. म्हाताऱ्यांच्या पाठी घासताना, वर्गात, गाडी चालवताना, मनात एकच. आज घरी गेल्यावर तो असेल ना?

आमच्याकडे माणसाकडे त्याचा ट्रक मागता येतो, कुत्रा मागता येतो, लग्नाला घालायला कोट सुद्धा मागता येतो. बंदूक काढून घेता येत नाही. घेतली तर त्याला चारचौघांत नागवं केल्यासारखं होतं. पण वेळ तर येते. कुणाचा संसार मोडतो, कुणी दारूत बुडतो. मग त्याचा दोस्त दारात येऊन म्हणतो, “अरे, माझ्या रायफलचा नेम बिघडलाय, तुझी जरा दे ना काही दिवस.” खरं कारण दोघांनाही कळतं आणि दोघंही बोलत नाहीत. त्याचे दिवस फिरले की रायफल परत घरी येते. अशी रीत आहे.

म्हणून मार्ली डेनी रॅटलिफकडे गेली. डेनी बापाचा खाणीतला जोडीदार, त्याला ती काका म्हणायची. अंगणात तो ट्रकच्या खाली झोपून काहीतरी पिळत होता.

“डेनीकाका, डॅडीच्या बंदुका काही दिवस तुझ्याकडे राहतील का?”

ट्रकखालचा आवाज थांबला. डेनी बाहेर आला, हात पुसले आणि बराच वेळ पुसतच राहिला.

“एकदा झालंय गं पोरी ते. तुझ्या आईला माती दिली त्याच आठवड्यात मी तिन्ही उचलून आणल्या होत्या. महिन्याने हा दारात उभा. म्हणतो, डेनी, तुझ्या रायफलचा नेम सुधारला की नाही अजून? मी काय बोलणार? दिल्या परत. आता तेच नाटक घेऊन गेलो तर जन्मात माझं तोंड बघणार नाही तो.”

“मग मी काय करू? पळवून नेऊ?”

“तसं काही करू नकोस बाई. त्याला मान वाटेल असं काहीतरी काढ. लाज वाटेल असं नको.” मग खाली बघून म्हणाला, “मी येऊन बसेन त्याच्याजवळ. रोज येईन. पण माझ्यासमोर तो हसतो, हीच तर पंचाईत आहे.”

मान वाटेल असं! सांगायला काय जातंय? मार्ली गाडीत बसली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली. ते सुद्धा धड नाही, कारण कामावर जायचं होतं.

भाषणासाठी काहीतरी खरडायचं म्हणून त्या शनिवारी ती म्युझियमला गेली. तिथे नेहमीप्रमाणे एकट्या मिस ओपल. लग्न झालेल्या बाईलाही आमच्याकडे मानाने मिसच म्हणतात. ओपल स्टिडम एकेकाळी शाळेच्या ग्रंथपाल होत्या. आता ऐंशीच्या पुढे, पण अजून पोरांना ‘खिशातून हात काढ’ म्हणतात आणि पोरं काढतात. त्या एक भलंमोठं काचेचं कपाट पुसत होत्या. कपाट रिकामं.

“ह्यात गोधड्या होत्या ना, मिस ओपल?”

“होत्या. गोधडी मंडळाच्या बायकांचं भांडण झालं. पहिलं बक्षीस कुणाला, ह्यावरून. सगळ्या आपापली गोधडी बगलेत मारून गेल्या. साठीच्या बायका आणि अक्कल बघ! आता एप्रिलात पोरं येतील त्यांना मी काय, काच दाखवू?”

मार्ली कपाटाकडे बघत राहिली. लांबरुंद होतं, आणि खाली चांगलं पितळी कुलूप होतं.

“मिस ओपल, ह्यात बंदुका ठेवाल?”

“कुणाच्या?”

“डॅडीच्या.”

मिस ओपलनी फडकं थांबवलं. “नोव्हेंबर तोंडावर आलाय पोरी. हरणांच्या शिकारीचा हंगाम.”

“हो. माहितीय.”

म्हातारीने तिच्याकडे नीट पाहिलं, मग परत काच पुसायला लागली. पुसून झालेलीच जागा पुसत होती. “कुलूप चांगलं आहे ह्याचं,” मिस ओपल म्हणाल्या. “माझा ऑर्व्हिल गेला तेव्हा आमच्या घरात कुलूप लागेल असं एकही कपाट नव्हतं.” त्यांचा नवरा ऑर्व्हिल शिकारीत अपघाताने गेला असंच गाव आजवर म्हणत आलंय. मार्लीही तेच धरून होती. तिने मिस ओपलच्या हातातलं फडकं घेतलं आणि वरची, त्यांचा हात न पोचणारी काच पुसून दिली.

सोमवारी मिस ओपल केळ्यांचं पुडिंग घेऊन प्रुइटांच्या दारात हजर. डोक्यावर चर्चची टोपी.

“वेंडल, मी भीक मागायला आलेय. नाही म्हणालास तर पुडिंग परत नेईन.”

“या ना, बसा मिस ओपल,” वेंडल खुर्चीतून धडपडत उठला. टीव्ही बंद केला. आजवर पाद्री आला तरी त्याने टीव्ही बंद केला नव्हता.

म्हातारीने मांडणी अशी झोकात केली की मार्ली दारात उभी राहून थक्क झाली. म्हणे, म्युझियममध्ये प्रदर्शन लावायचंय, काउंटीतली शिकार, तीन पिढ्यांची. सेनापतींच्या तलवारी नकोत, साध्या माणसांच्या बंदुका हव्यात, ज्यांनी घरात मटण आणलं. आणि प्रुइटांइतकी जुनी शिकारी माणसं इथे आहेत कोण?

“अहो, पण माझ्या बंदुकांत काय आहे बघण्यासारखं? एक तर खारीची.”

“कुणाची होती ती?”

“आजोबांची.” आणि वेंडल बोलायला लागला. आजोबाने ती बंदूक खेचराच्या बदल्यात कशी घेतली, आजी त्यावर आठवडाभर कशी बोलली नाही. दुनळी बापाची, तिचा दस्ता पुरात वाहून गेला म्हणून अक्रोडाच्या लाकडाचा नवा केला. हरणाची रायफल ट्वायलाने दिलेली, लग्नाच्या वाढदिवसाला. “मी तिला अंगठी दिली आणि तिने मला रायफल. म्हणाली, अंगठी खाता येत नाही.” तो हसला. मार्लीने दोन वर्षांत ते हसू पाहिलं नव्हतं. आपण ह्याला फसवतोय, असं तिला वाटलं. फसवणारच, असंही वाटलं.

“किती दिवसांसाठी?” वेंडलने विचारलं.

“एप्रिलच्या सहली होईपर्यंत.”

“म्हणजे हंगाम गेला.”

“गेला. का रे, जाणार होतास का यंदा?”

वेंडलने मार्लीकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. “नाही,” तो म्हणाला. “पाठ कुठे साथ देते आता? न्या. पण साफ करून देईन. काचेत ठेवायच्या म्हणजे चकचकीत पाहिजेत.”

झालं! ज्यापासून पळायचं तेच पुढ्यात. दुसऱ्या दिवशी तिन्ही बंदुका स्वयंपाकघराच्या टेबलावर, आणि मार्ली समोरच्या खुर्चीत ठाण मांडून.

“तुझा क्लास नाही का आज?”

“रद्द झालाय.”

“सर आजारी?”

“हो. घसा.”

बापाने तेलाच्या बाटलीचं झाकण उघडलं, चिंधी भिजवली आणि एकेक नळी घासत बसला. एकदाच तो म्हणाला, “तुला झोप येतेय. जा, पड जरा.” ती म्हणाली, “मला बघायला आवडतं.” शेवटची रायफल पुसून झाली तेव्हा तिची मान अवघडली होती. बुधवारी मिस ओपल आणि डेनी येऊन तिन्ही घेऊन गेले. कपाटात काचेआड तीन खुंट्यांवर बंदुका आणि खाली पांढरं कार्ड, ‘वेंडल प्रुइट यांच्याकडून उसन्या’.

त्या रात्री मार्ली जी झोपली ती गजर वाजून वाजून थकला तरी उठली नाही.

नंतरचे दिवस खरंच बरे गेले. वेंडल घराबाहेर पडायला लागला. फार लांब नाही, मागच्या शेडपर्यंत. शेडमध्ये ताडपत्रीखाली लाल कॉर्व्हेट होती, स्पोर्ट्स कार. खाणीला बरे दिवस होते तेव्हा जुनीच विकत घेतलेली, पण काय तिचा तोरा! दोघांनाच बसायला जागा, सामान ठेवायला जागा नाही, चिखलात चालत नाही. डोंगरात असल्या गाडीचा उपयोग शून्य. ट्वायला ती घेऊन वृद्धाश्रमाच्या रात्रपाळीला जायची आणि परत आली की पोर्चवर बसलेला वेंडल टाळ्या वाजवायचा. ती आजारी पडली तशी गाडी शेडमध्ये गेली, ती गेलीच.

आता हा रोज तिथे जाऊन गाडीत बसायचा. दार ओढून, तासन्‌तास. मार्लीने खिडकीतून पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. चला, माणसाला काहीतरी सुचलं. ती त्याला थर्मासातून कॉफी नेऊन द्यायची. “चालू होईल का रे ही?” तिने विचारलं, तर म्हणाला, “बॅटरी मेलीय.” तर ही शहाणी दुसऱ्या दिवशी बॅटरी घेऊन आली! कमरेवर पेलत शेडपर्यंत आणली आणि “हॅपी बर्थडे” म्हणाली, वाढदिवस नसताना. बापाने बॅटरीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “तू स्वतः उचलून आणलीस?” एवढंच बोलला.

भाषणाचा दिवस उजाडला. मार्लीची तयारी बऱ्यापैकी होती. म्युझियममध्ये गेलेली वस्तू दमलेली असते, तिला आता काही करावं लागत नाही, माणसांनाही अशी जागा असती तर बरं झालं असतं, असं काहीतरी तिने मनात जुळवलं होतं. तिच्या आधी कोल्बीचा नंबर.

कोल्बीने मोटारीचं भाषण सुरू केलं आणि बेट्याने काय केलं, मोटारीतून बंदूक आणलीच. “उदाहरणार्थ, जुनी कॉर्व्हेट घ्या. डिकी नाही. पण सीटच्या मागे, खाली, झाकणं असतात. एकाखाली बॅटरी. एकाखाली जॅक. आणि तिसऱ्या झाकणाखाली काय ठेवायचं, ते केंटकीत मी कुणाला सांगायला नको!”

वर्ग फिदीफिदी हसला. सर म्हणाले, “कोल्बी, विषयावर ये.”

मार्लीला आठवलं. आईची रात्रपाळी. एकटी बाई डोंगराच्या रस्त्याने घरी येते म्हणून बापाने तिला घेऊन दिलेलं छोटं पिस्तूल. घरात ते कधी आलंच नाही, गाडीतच राहायचं. आमच्याकडे गाडीतली बंदूक कुणी बंदुकांत धरत नाही. घरात किती आहेत विचारलं तर माणूस कपाटातल्या सांगतो. गाडीतली म्हणजे जॅक, टॉर्च, पान्हा ह्यांच्यातली. मार्लीने कपाट मोजलं होतं. तिसरं झाकण तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि तो रोज तिथे बसत होता. आणि बॅटरी! ती सुद्धा सीटच्या मागेच. म्हणजे झाकणं उघडायला आपणच त्याला निमित्त नेऊन दिलं.

“मार्ली, तुझा नंबर,” सर म्हणाले. ती दाराबाहेर पडली होती.

घरी पोचली तर शेडचं दार सताड उघडं. गाडी नाही. ताडपत्री व्यवस्थित घडी करून कोपऱ्यात ठेवलेली. कुत्र्याचं भांडं काठोकाठ भरलेलं, टीव्ही बंद, सिंकमध्ये एकही कप नाही. दोन वर्षांत त्या माणसाने कप विसळला नव्हता. ती त्या लखलखीत सिंककडे बघून किंचाळली. घरात कुणी नव्हतं म्हणून बरं.

तिने डेनीला फोन केला. “डेनीकाका, डॅडी गाडी घेऊन गेलाय. आईचं पिस्तूल गाडीत आहे.”

“अरे देवा,” डेनी म्हणाला. “मी खाणीच्या रस्त्याला जातो. तू वर दफनभूमीत बघ. आणि मार्ली, हळू चालव.”

हळू कसली चालवतेय! दफनभूमीच्या चढावर तिची गाडी घरघरत चढली. आईच्या दगडापाशी कुणी नव्हतं. ओल्या मातीत रुंद टायरांचे ताजे ठसे होते, येतानाचे आणि जातानाचे. ती त्या ठशांकडे बघत उभी राहिली. आता इथून कुठे शोधायचं? रागच आला तिला. बापाचा आला, आईचा आला, जाऊन निजली निवांत आणि हे सगळं माझ्या गळ्यात. “मी दमलेय गं,” ती दगडाला मोठ्याने म्हणाली. “मला नाही आता झेपत.”

फोन वाजला. मिस ओपल.

“मार्ली, तुझा बाप इथे म्युझियममध्ये आलाय. गाडी बरोब्बर दारात लावून वाट अडवून ठेवलीय. ठीक आहे तो. ये बाळा. सावकाश ये.”

स्टेशनच्या पायऱ्यांशी लाल गाडी उभी होती. धुतलेली. आत काचेच्या कपाटापुढे बाप उभा, स्वच्छ शर्ट, भांग पाडलेला. टेबलापलीकडे मिस ओपल, आणि टेबलावर आईच्या भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.

“एक विसरलीस,” वेंडल म्हणाला.

मार्लीने त्या फडक्याकडे पाहिलं. शेवटी म्हणाली, “तुला माहीत होतं?”

“मार्ली, नोव्हेंबर तोंडावर असताना ह्या काउंटीत कुणी कुणाकडे हरणाची रायफल मागतं का? तीसुद्धा काचेत ठेवायला?” त्याने मिस ओपलकडे पाहिलं. “आणि ह्यांनी आजवर कुणासाठी पुडिंग केलंय?”

“विकतचं होतं,” मिस ओपल म्हणाल्या.

“मग दिल्यास कशाला?” मार्लीने बापाला विचारलं.

“तू माझ्यासमोर बसून जागत होतीस. घसा बसलाय सरांचा, म्हणे.” तो खाली बघायला लागला. “मला वाटलं, घेऊन जाऊ दे, पोरीला झोप तरी लागेल. गाडीतलं आहेच, असं मनात होतं. खोटं बोलत नाही. रोज तिथे बसायचो ते काही गाडी दुरुस्त करायला नाही.”

मार्लीने त्याची बाही धरली. घट्ट धरली, पोरगी हरवू नये म्हणून जत्रेत धरतात तशी.

“मग तू ती बॅटरी आणलीस. एवढं धूड, उचलून. तुझे हात बघितले मी. बॅटरी तिथेच पडून होती, आणि ती न बसवता...” तो थांबला. “ते बरं दिसलं नसतं गं. म्हटलं, बसवू तरी. बसवली. आज चावी फिरवली तर पहिल्या फटक्यात चालू झाली. मग काय करणार? वर जाऊन ट्वायलाला दाखवली आणि इकडे आलो.”

मिस ओपलनी चष्मा पुसला, नाक शिंकरलं आणि एकदम ग्रंथपालांच्या आवाजात बोलल्या. “हे बघ वेंडल. इथे वस्तू अशी ठेवून घेता येत नाही. ट्वायलाचं पिस्तूल मी काचेत मांडणार नाही, आत तिजोरीत ठेवीन. पण उसनी घेतलेली वस्तू एक दिवस परत द्यावी लागते, आणि ती मी ज्याची त्याच्याच हातात देते. वारसांच्या हातात देत नाही. ते भांडतात, गोधडीवाल्यांसारखे. तेव्हा आत्ताच सांग. एप्रिलनंतर न्यायला कोण येणार?”

वेंडल काचेतल्या तिन्ही बंदुकांकडे बघत राहिला, मग खालच्या कार्डावरच्या आपल्या नावाकडे. बाहेर डेनीचा ट्रक करकचून थांबल्याचा आवाज आला. मार्लीने बाही सोडली नव्हती.

“एप्रिलात नको,” तो म्हणाला. “एप्रिलात अजून जमेल असं वाटत नाही मला.”

“मग पुढच्या नोव्हेंबरात?”

“पुढच्या नोव्हेंबरात चालेल.”

“कोण येणार?”

“मीच येईन,” वेंडल म्हणाला. “कार्डावर तसंच लिहा. मी स्वतः येईन.”

मिस ओपल लिहायला बसल्या. स्टेशनात प्रवाशांचं जुनं लाकडी बाक अजून आहे, त्यावर बसायला मनाई आहे आणि तशी पाटीही आहे. मार्ली जाऊन त्यावर बसली, मग आडवी झाली, आणि मिस ओपलनी डोकं वर करून पाहिलं तोवर तिला झोप लागली होती. वेंडलने आपला कोट काढून तिच्यावर घातला आणि तिच्या पायाशी, पाटीकडे पाठ करून बसला.